केल्सब्रुकची खानेसुमारी

माझ्या मुलाला आकडा विचारला की राग येतो. हे लहानपणापासूनचं आहे. "वर्गात मुलं किती रे?" म्हटलं की म्हणायचा, "खूप." खूप म्हणजे काय? बत्तीस वर्षं सरकारी आकडेवारी खात्यात काढलेल्या बाईच्या पोटी "खूप" म्हणणारा मुलगा यावा, हे माझं नशीब.

त्यामुळे २००३च्या ऑक्टोबरात अनीशने फोनवर सांगितलं, की टोरांटो सोडून ते तिघं कॅनडाच्या मध्यावर, सस्कॅचवान प्रांतातल्या केल्सब्रुक नावाच्या गावी राहायला गेलेत, तेव्हा मी साहजिकच विचारलं, "वस्ती किती?"

"छोटं गाव आहे, आई."

"छोटं म्हणजे?"

"रस्त्यावर बोर्ड आहे. एकशे त्रेचाळीस लिहिलंय."

"तुम्हाला तिघांना धरून की सोडून?"

तो म्हणाला, "आई, फोनचं कार्ड संपत आलंय," आणि फोन ठेवला.

आता यात रागावण्यासारखं काय होतं, मला अजून कळत नाही. एकशे त्रेचाळीस माणसांच्या गावात तीन माणसं म्हणजे चेष्टा नाही. आमच्या घरात असल्या गोष्टींवरून जेवणं थंड व्हायची. माझे वडील, तात्यासाहेब, बडोदे संस्थानच्या खानेसुमारी कचेरीत होते. पुढे सरकारने 'जनगणना' म्हणायला सुरुवात केली तरी आमच्या घरात शेवटपर्यंत खानेसुमारीच होत राहिली. मी त्याच वाटेने गेले. फक्त लग्न मात्र प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यातल्या फिटरशी केलं आणि संस्थानी नातेवाइकांना दोन वर्षं बोलायला विषय दिला. माझे यजमान सुभाष ९६ साली गेले. अनीश नोकरी करत होता तो रंगाचा कारखाना ९९ मध्ये बंद पडला. दिवस असे होते, की रोज एका कारखान्याला कुलूप लागायचं आणि रोज एक नवं दुकान उघडायचं, पण कुलूप लागलेल्यातली माणसं उघडलेल्यात कुणी घेत नव्हतं. जून २००० मध्ये अनीश, त्याची बायको मैथिली आणि त्यांचा पाच वर्षांचा ध्रुव कॅनडाला गेले. मी बडोद्यात अलकापुरीच्या मागे, रेल्वेलाइनच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर राहते. एकटी राहते. घर तीन खोल्यांचं आहे आणि त्यातल्या दोन मी फक्त झाडायला उघडते.

अनीशचा फोन रविवारी सकाळी साडेआठला येतो. त्याच्याकडे तेव्हा शनिवारची रात्र असते. रविवारी मी सात वाजताच आंघोळ उरकून फोनशेजारी बसते. शेजारच्या नयनाबेनला हे माहीत आहे, म्हणून ती रविवारी नऊपर्यंत बेल वाजवत नाही. नऊनंतर मात्र सेव-उसळीचा वाडगा घेऊन येते आणि सगळा वृत्तांत विचारून घेते.

तर या फोनवर अनीशकडून मला कळलेलं एवढंच. गाव गवताच्या मैदानात आहे. डोंगर नाही, मोठी नदी नाही, एक ओढा आहे तोही अर्धं वर्ष गोठलेला. हमरस्त्यावर बारा खोल्यांचं मोटेल आहे. बडोद्याजवळच्या करजणकडच्या एका पटेलांच्या मालकीचं ते मोटेल अनीश आणि मैथिली सांभाळतात, आणि मागच्या बाजूला राहतात. तेलविहिरींवर काम करणारी माणसं मुक्कामाला येतात. बाकी विचारलं की "ठीक आहे", "चाललंय", "थंडी आहे".

थंडी आहे हे मलाही ठाऊक होतं. मी सरळ गावच्या कचेरीला पत्र लिहिलं. इंग्रजीत, माझ्या जुन्या सरकारी इंग्रजीत, की माझं कुटुंब आपल्या गावी राहायला आलेलं असून आपल्या गावाची स्थापनेपासूनची लोकसंख्या कळवाल तर आभारी होईन. अनीशला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याला लाज वाटली असती.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. निळ्या शाईत, हाताने लिहिलेलं, चार पानांचं. गावच्या कचेरीत डोरीन नावाच्या एकच बाई होत्या, त्याच कारकून आणि त्याच अधिकारी. वय अडुसष्ट, नवरा गेलेला, मुलगे दोन, दोघेही दूर. त्यांनी लिहिलं होतं, की या खुर्चीवर एकोणीस वर्षं बसलेय, पण असलं पत्र पहिल्यांदाच आलं. खाली एक यादी होती. १९११ साली ९६ माणसं. १९१६ साली २१२. १९२१ साली ३०१. १९२६ साली २३४. पुढे कमी होत होत २००१ साली १४३.

मला इतका आनंद झाला, की मी यादी घेऊन नयनाबेनकडे गेले. तिला त्यात काही दिसलं नाही. तिने मला चहा दिला.

पण मला दिसलं. १९२१चा आकडा मला खटकला. पाच वर्षांत एकोणनव्वद माणसं वाढली आणि पुढच्या पाच वर्षांत सदुसष्ट कमी झाली? गावं अशी वागत नाहीत. दुष्काळ, साथ, काहीतरी लागतं. मी दोन रात्री नीट झोपले नाही, आणि खरं सांगते, निवृत्तीनंतर एवढ्या चांगल्या कारणासाठी माझी झोप कधी उडाली नव्हती. मग डोरीनबाईंना विचारलं, त्या उन्हाळ्यात तिकडे रेल्वेचा फाटा टाकण्याचं काम चालू होतं का?

त्यांचं उत्तर यायला परत महिना. चालू होतं! त्यांची आजी त्याच उन्हाळ्यात रेल्वेच्या डब्यांत राहणाऱ्या मजुरांसाठी पाव भाजायची. सत्तरेक माणसं होती. ती गावची नव्हतीच, मुक्कामाला होती, आणि मोजणाऱ्याने सरसकट धरली होती. "ऐंशी वर्षं हा आकडा आमच्या गावच्या भिंतीवर टांगलेला आहे आणि कुणाला संशय आला नाही," डोरीनबाईंनी लिहिलं होतं, "तो तुम्हाला बडोद्यात बसून आला."

त्यानंतर आमची पत्रं थांबली नाहीत. २००५ साली त्यांच्या प्रांताला शंभर वर्षं होणार होती. गावोगाव जुन्या रहिवाशांचं संमेलन भरणार होतं आणि प्रत्येक गाव आपला इतिहास छापणार होतं. केल्सब्रुकचा इतिहास लिहायचं काम अर्थातच डोरीनबाईंच्या गळ्यात पडलं होतं. लोकसंख्येचं प्रकरण मी माझ्याकडे घेतलं. मोजायचे नियमही मीच त्यांना शिकवले. घरी मुक्कामाला असलेला पाहुणा धरायचा नाही. सहा महिन्यांहून जास्त बाहेर असलेला, किंवा परत न येण्याच्या बेताने गेलेला, तोही धरायचा नाही. दारावर उभं राहून "किती जण?" विचारायचं नाही, नावं विचारायची आणि मग मोजायचं. असं मी बडोद्याच्या कोठी इमारतीतल्या आमच्या कचेरीत मोजणीला नेमलेल्या किती मास्तरांना घसा ताणून शिकवलं असेल, आणि त्यातल्या निम्म्यांनी झाडाखाली बसून फॉर्म भरले असतील. डोरीनबाई मात्र खरंच दारोदार गेल्या.

मी एक जाड वही केली. तीत केल्सब्रुकचा इतिहास मराठीत लिहायला घेतला. रेल्वे आली म्हणून गाव वसलं. स्टेशनाशेजारी गव्हाची उंच लाकडी कोठारं उभी राहिली, मग दुकान, चर्च, शाळा, बर्फावर खेळायची शेड. तीसच्या दशकात सात वर्षं पाऊस नीट झाला नाही, माती उडून गेली आणि माणसंही गेली. ८९ साली रेल्वेचा फाटा बंद झाला, ९७ साली शेवटचं कोठार पाडलं. पाडलं तेव्हा गावातले सगळे रस्त्यावर खुर्च्या टाकून बसले होते म्हणे. हे सगळं मी लिहिलं. गावात कोण कुठे राहतो हेही मला तोंडपाठ झालं, लग्न ठरलेल्या मुलीने सासरची नावं पाठ करावीत तसं.

आणि ते उगीच नव्हतं. जानेवारी २००४ मधल्या एका रविवारी अनीश आपण होऊन म्हणाला होता, "आई, तुझे कागद करायला टाकतो. तू इकडेच ये. मागे एक खोली रिकामी आहे. खिडकीतून नुसतं गवत दिसतं."

त्याने विचारलं आणि मी लगेच हो म्हटलं नाही. आपल्यात तशी पद्धत नाही. मी म्हटलं, "अरे नको, तुमची अडचण कशाला?" तो म्हणाला, "अडचण कसली, तू ये." मी म्हटलं, "या वयात कुठे बर्फात?" तो म्हणाला, "आई, तू येच." तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, "बघू." बघू म्हणजे हो, हे त्याला कळतं. एवढं तरी तो मराठी आहे.

फोन ठेवला आणि रडले. का लपवू? चार वर्षांत मला कुणी "ये" म्हटलेलं नव्हतं. नयनाबेन वाडगा घेऊन आली तेव्हा डोळे पुसायचे राहिले होते. तिला सांगावंच लागलं आणि दुपारपर्यंत सगळ्या सोसायटीला कळलं. तेव्हापासून जिन्यात भेटेल तो विचारायचा, "निरुपमाबेन, केनेडा क्यारे जवाना?" कॅनडाला कधी जाणार म्हणून. मी म्हणायची, "कागळिया थाय एटले." कागद झाले की. दीड वर्ष मी हेच उत्तर देत होते आणि मला त्याचा कंटाळा आलेला नव्हता. मी एकशे त्रेचाळीसमध्ये तीन मिळवून वर एक धरत होते. वहीच्या शेवटच्या पानावर, पेन्सिलीने.

मग गेल्या महिन्यात, जुलैच्या वीस तारखेला, डोरीनबाईंचं पत्र आलं. इथे बडोद्यातल्या पुराच्या गडबडीत टपाल अडकलेलं होतं, पाकिटाचा कोपरा भिजलेला. सुरुवातीला संमेलनाच्या तयारीबद्दल होतं. मग लिहिलं होतं:

"पाहुणे यायच्या आत रस्त्यावरचा बोर्ड नव्याने रंगवायचा आहे. म्हणून एक जुलैला मी तुमच्या पद्धतीने घरोघर जाऊन नावं लिहून घेतली. एकशे एकतीस भरले. फक्त एका ठिकाणी नियम लावता येईना. तुमचा अनीश आणि त्याचं कुटुंब मार्चच्या अखेरीस एडमंटनला गेलं. त्याला सहा महिने झालेले नाहीत. पण पलंग, ध्रुवची सायकल, सगळं घेऊन गेले आणि मोटेलला तेव्हापासून कुलूप आहे. मी त्यांना गाळलं. बरोबर केलं ना? ध्रुव गेल्यावर शाळेत अकराच मुलं उरली, आता शाळाही बंद करणार म्हणतात. आम्हाला त्या मुलाची फार आठवण येते. ते तिकडे रुळले का, मला कळवा. तुम्हाला सगळं ठाऊक असेलच."

मी ते दोनदा वाचलं. मग वही काढली.

दर रविवारी अनीश गावाबद्दल जे सांगायचा ते मी तारखेनिशी लिहून ठेवायची. दहा एप्रिल: ओढ्यावरचं बर्फ फुटलं. आठ मे: मोटेलमध्ये तेलवाल्यांची गर्दी, खोल्या भरलेल्या. बावीस मे: ध्रुवच्या शाळेची सहल. एकोणीस जून: गवत गुडघ्याएवढं झालं. तीन जुलै: वस्ती तेवढीच. सोळा रविवार. सोळाच्या सोळा खोट्या नोंदी, माझ्या अक्षरात.

माझा पहिला संताप कशाचा असेल तर त्या वहीचा. हे कबूल करायला लाज वाटते. माझ्या वहीत खोटी नोंद! बत्तीस वर्षांत एक झाली नव्हती. मी लाल पेन घेतलं आणि दहा एप्रिलवर काट मारली, आठ मेवर मारली, आणि बावीस मेवर आल्यावर माझा हात थांबला. सहलीला ध्रुवने काय खाल्लं ते मी विचारलं होतं. अनीशने सांगितलं होतं, "चीज सँडविच." तो जरासा थांबून म्हणाला होता. त्या थांबण्यात तो ते सँडविच तयार करत होता.

माझ्याकडे फक्त मोटेलचा नंबर होता. कधी लावला नव्हता, कारण फोन तोच करायचा. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून सयाजीगंजला फोन बूथवर गेले. घरच्या फोनवरून परदेशी लागत नाही. नंबर लावला तर एक बाई इंग्रजीत म्हणाली, की हा नंबर आता वापरात नाही. मी तिला "थँक यू" म्हटलं. बूथवाला म्हणाला, "माजी, ए तो रेकॉर्डिंग छे."

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. दर वेळी वाटायचं, काहीतरी भयंकर झालं असणार. आजार, पोलीस, मैथिली सोडून गेली. एकटं माणूस अशा वेळी काय काय रचतं, ते सांगण्यात अर्थ नाही. नयनाबेनने विचारलं, "तबियत सारी नथी?" मी म्हटलं, पित्त झालंय.

रविवारी साडेआठला फोन वाजला. ठरवून मी नेहमीसारखंच विचारलं, "काय म्हणतंय गाव?"

"मजेत," अनीश म्हणाला. "संमेलनाची गडबड चाललीय. बोर्ड रंगवणार आहेत."

"हो. मोटेल मार्चपासून बंद आहे ना?"

मागे कुठेतरी पाण्याचा नळ चालू होता, तो बंद झाला.

"डोरीनबाईंनी लिहिलंय," मी म्हटलं. "तुम्हा तिघांना गाळलं ते बरोबर का, असं मला विचारलंय. मला! बोल आता. कुठे आहेस तू?"

"एडमंटनला."

"कुठे राहता?"

"बेसमेंट आहे. एका सरदारजींचं. दोन खोल्या." मग एकदम भरभर बोलायला लागला. पटेलांनी मोटेल विकायला काढलं, गिऱ्हाईक मिळालं नाही, आठ दिवसांत खाली करा म्हणाले. आता तो एका गोदामात माल चढवायचं काम करतो. मैथिली पहाटे चारला एका बेकरीत जाते. ध्रुव शाळेतून येतो तेव्हा घरी कुणी नसतं.

"चार महिने, अनीश! चार महिने तू मला ओढा आणि गवत सांगतोयस. आईशी खोटं बोलताना काही वाटलं नाही?"

"वाटलं."

"मग?"

"मग काय सांगू, आई? तू काय विचारतेस ते आठव ना. गेली दोन वर्षं. वस्ती किती, शाळेत किती, अमक्याच्या घरात किती, कोठार कोणत्या साली पाडलं. तिथे होतो तोवर मी ते डोरीनला विचारून ठेवायचो, शनिवारी तुला सांगायला. तू कधी विचारलंस, की अनीश, तू कसा आहेस?"

"तू 'ठीक आहे' म्हणायचास!"

"एकदा म्हणालो, पहिल्या महिन्यात. मग तू विचारलंच नाहीस." त्याचा आवाज फुटला. "त्या गावामुळे तू निदान बोलायला लागली होतीस. बाबा गेल्यापासून मी तुला इतकं खुशीत ऐकलं नव्हतं. मला वाटलं, गाव सुटलं म्हणून सांगितलं तर आपण बोलणार काय?"

पंचेचाळीस वर्षांपूर्वी मीच तात्यासाहेबांना म्हटलं होतं, की तुम्हाला गावातली डोकी मोजता येतात, घरातली माणसं दिसत नाहीत. ते तेव्हा पाठ फिरवून बसले होते. मला आत्ता, इतक्या वर्षांनी, त्यांचं तोंड कसं झालं असेल ते कळलं.

"कसा आहेस?" मी विचारलं.

आणि तो बोलला. चाळीस मिनिटं. त्याची पाठ दुखते, खोके उचलताना एकदा पट्टा बांधूनही लचक भरली. रात्री बेसमेंटच्या खिडकीतून फक्त लोकांची पावलं दिसतात. ध्रुव आता मराठीत उत्तर देत नाही. मैथिली आणि त्याची गाठ पडते ती जिन्यात, ती निघताना आणि तो उठताना. केल्सब्रुकमध्येही सगळं चांगलं नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात तीन आठवडे त्यांच्याशी गिऱ्हाइकाखेरीज कुणी बोललं नव्हतं, मग डोरीनबाई केक घेऊन आल्या, कारण माझं पत्र आलं होतं. हे सगळं मी पहिल्यांदा ऐकत होते. मधे एकदाही मी "किती" म्हटलं नाही. फार जड गेलं, पण नाही म्हटलं.

तो थांबला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की एक गोष्ट त्याने अजून काढलेली नाही. माझे कागद. दोन खोल्या, तीन माणसं. तो काढणार नव्हता, आणि मला त्याला ते काढायला लावायचं नव्हतं. म्हणून मीच म्हटलं, "हे बघ, ते माझे कागद राहू देत आता. मला नाही वाटत यावंसं."

"असं काय, आई."

"खरंच सांगते. इतक्या थंडीत मला झेपायचं नाही. तुमची अडचण कशाला?"

आणि मी थांबले. तुम्हाला सांगते, मी श्वास धरून थांबले. आपल्यात पाहुणा नको म्हणतो, तो काय खरंच नको म्हणून? समोरच्याने आग्रह करायचा असतो. एकदा त्याने म्हणावं, "अडचण कसली?" मी परत नको म्हणणार होते. दुसऱ्यांदा म्हणावं, तरी मी नकोच म्हणणार होते, माझं ठरलेलं होतं. मला यायचं नव्हतंच. मला फक्त दोनदा ऐकायचं होतं.

पलीकडे त्याने श्वास सोडला. लांब, मोकळा. खूप वेळ धरून ठेवलेलं ओझं खाली टेकवल्यावर माणूस सोडतो तसा.

"बरं," तो म्हणाला. "तुला बरं वाटेल तसं कर, आई."

"हो," मी म्हटलं. "ध्रुवला आशीर्वाद सांग. पाठीला तेल लाव."

नऊ वाजून गेले होते. नयनाबेनने बेल वाजवली. मी दार उघडलं नाही. ती थोडा वेळ उभी राहिली, मग वाडगा उंबऱ्यावर ठेवून गेली, मला आवाज आला. माझा अनीशवर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागात वेळ जातो. दुपारपर्यंत मी नुसती खुर्चीत बसून होते.

संध्याकाळी डोरीनबाईंना पत्र लिहायला घेतलं. तिघांना गाळलंत ते बरोबर केलंत, बोर्डावर एकशे एकतीसच घालावेत, असं लिहिलं. एवढ्यावर सही करून पाकीट बंद करता आलं असतं. पण बाईंनी मला नियमातली जाणकार मानलं होतं, आणि मला ते सहन होईना. म्हणून आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट खाली लिहिली.

२००१च्या फेब्रुवारीत आमच्या घरी खानेसुमारीला एक तरुण शिक्षिका आल्या होत्या. भूकंपाला दोन-तीन आठवडे झाले होते, त्याही घाबरलेल्या होत्या, उन्हातून आलेल्या होत्या. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी फॉर्म उघडला आणि विचारलं, "घरात माणसं किती?" अनीशला जाऊन आठ महिने झाले होते. नियम मला माहीत होता, त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होता. मी म्हटलं, चार. चौघांची नावं सांगितली, वयं सांगितली, ध्रुवची जन्मतारीख सांगितली. त्यांनी लिहून घेतलं. भारत सरकारच्या त्या वर्षीच्या आकड्यात तीन माणसं जास्त आहेत, ती माझी आहेत.

पुढची मोजणी २०११ साली. तेव्हा मी एकाहत्तर वर्षांची असेन. जी कुणी येईल तिला आत बोलवीन, बसवीन, आणि तिने विचारलं की खरं ते सांगेन. एक.